चौदा दिवस इंजिन बंद

—छे छे, कुणी मेलंबिलं नाही हो साहेब, काहीतरीच काय! गाव आहे जागच्या जागी. रस्त्यावर माणूस दिसत नाही म्हणजे... आमची माणसं जरा लाजाळू आहेत, इतकंच. विमान उतरलं की दारं लावून घेतात. कुत्री? कुत्री पण लाजाळूच. तुम्ही बसा ना — त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय गेलाय, ह्या डब्यावर बसा. आता मला सांगा, काही ऐकू येतंय? नाही ना? तेच तर! इंजिनघरात बसलाय तुम्ही, आणि मी तुमच्याशी साध्या आवाजात बोलतेय. एरवी इथं बोलायचं म्हणजे बोंबलायचं. चोवीस वर्षं झाली हे विजेचं इंजिन सांभाळतेय, ही फिलोमिन वबानो कुजबुजली तरी खाडीपलीकडे ऐकू जातं म्हणतात, तो घसा काय मी हौसेनं असा करून घेतला? आज नववा दिवस, इंजिन गप्प. डिझेलचा एक थेंब जळला नाही. सगळी वीज छपरावरच्या सौर पॅनेलांची. गेल्या साली चौदा दिवस, त्याच्या आदल्या साली चौदा. पॅनेलं देणाऱ्या तुमच्याच संस्थेनं कौतुकाचं पत्र पाठवलं होतं, ते बघा लावलंय. हो, वाकडं आहे. आमच्या गावच्या चीफनं स्वतः खिळा मारला, त्याला बोलायचं कुणी? चीफ कुठायत म्हणता? चीफ मीटिंगला गेलेत. हो, नर्सबाई पण. मीटिंगलाच. मोठी मीटिंग आहे.

पॅनेलं बघितलीत ना उतरताना? कशी चकचकीत! बर्फ पडला की सकाळी सातला मी शिडी लावते. तुम्ही पाठवलेले लांब दांड्याचे ब्रश? आहेत ना. म्हणजे होते. पोरांनी हॉकी खेळायला नेले, छान झाल्या म्हणे काठ्या. मी रानहंसाच्या पंखानं झाडते. माझी आई चूल झाडायची, आजी तंबू झाडायची, मी पॅनेल झाडते. काचेवर ओरखडा नाही, भुसभुशीत बर्फ एका फटक्यात खाली. ते लिहा तुमच्या कागदात, बायकांना आवडेल वाचायला. लिहिलंत? आणि हे काय काढताय पिशवीतून? पाटी? अगबाई, पितळेची! भिंतीवर लावायची? पत्राच्या शेजारी लावू, सरळ लावू, मी स्वतः लावीन. वाचा ना काय लिहिलंय, माझा चष्मा तिकडे राहिला. 'स्वयंपूर्ण गाव.' वा! 'सूर्याच्या विजेवर चालणारं गाव, काम पूर्ण.' वा वा! ...पूर्ण म्हणजे? नाही नाही, पूर्ण कसं? दुसरा टप्पा आहे की. नवी पॅनेलं, मोठी बॅटरी — अर्ज दिलाय आम्ही, चीफ तीनदा सही करून आलाय. रद्द? का म्हणून रद्द? आहे त्याच पॅनेलांवर गाव दोन-दोन आठवडे चालतंय, मग आणखी कशाला म्हणून? ते पैसे दुसऱ्या गावाला?

थांबा. ते पेन ठेवा आधी खाली. ठेवा म्हणते ना! चहा घ्या. साहेब, मी तुम्हाला आता अरे-तुरे करणार आहे, माझ्या धाकट्या भावाच्या पोराएवढा तू, आणि जे सांगायचंय ते अहो-जाहो करून तोंडातून निघायचं नाही. अरे, मीटिंगबिटिंग काही नाही. हंस आलेत. रानहंस, दुसरं काय! एप्रिल संपत आला की ते दक्षिणेकडून येतात, आणि ते आले की आमच्या गावात कुणी थांबत नाही. शाळा बंद, दुकान बंद, चीफ पण बंद. पोरंबाळं, म्हातारे, कुत्री सगळं घेऊन स्नोमोबाइलवरून खाडीच्या कडेला तंबूंत दोन आठवडे. शिकार, पिसं काढणं, धूर देणं, दोरीला टांगून भाजणं. जाताना घराघरातले दिवे, हीटर, सगळं बंद करून जातात. फ्रीजरसुद्धा, हिवाळ्याचं मांस तोवर संपलेलंच असतं. राहतो कोण? मी, माझा गुडघा आणि चर्चशेजारचा ऐंशी वर्षांचा एमिल. आम्हा दोघांना किती वीज लागणार? एमिल तर रेडिओही बॅटरीवर लावतो. तेवढ्याला ही पॅनेलं भरपूर झाली. रोजच्या दिवशी मात्र ती दुपारच्या जेवणापुरती. बाकी दिवसरात्र हेच धूड धडधडत असतं.

का नाही लिहिलं? कुठं लिहायचं? तुझ्या फॉर्मवर 'हंस' असा रकाना नव्हता. विचारलं होतं, इंजिन किती दिवस बंद? मी लिहिलं चौदा. खरंच होतं की! पुढं विचारलं, कारण? मी लिहिलं, 'स्वच्छ ऊन आणि गावकऱ्यांचं सहकार्य.' हसतोस काय? सगळं गाव उठून निघून गेलं, ह्याहून मोठं सहकार्य कोण करील? आणि मला वाटलं, हंसांचं तर सगळ्यांनाच ठाऊक असणार. तुमच्या टोरोंटोवरूनही जातात ना ते? जातात तेव्हा तुम्ही काय करता? फोटो काढता? नुसता फोटो? अरे देवा.

पहिल्या साली असं झालं, देवाशपथ. दुसऱ्या साली... दुसऱ्या साली कळलं होतं मला. पत्र आलं ना तुमचं, 'उत्तर भागातल्या सगळ्या गावांना आदर्श' — तेव्हाच उठून गेले चीफकडे. चीफला म्हटलं, काहीतरी घोटाळा होतोय, कळवू या. तर तो म्हणाला, फिलोमिन, कौतुक करतायत तर करू दे की. मला तरी कुठं नको होतं? चोवीस वर्षांत मला एक पत्र नाही रे आलं. इंजिन चालू असतं तेव्हा फिलोमिन कोण, कुणाला आठवत नाही. दहा मिनिटं बंद पडलं की सगळं गाव दारात, पायात बूटसुद्धा न घालता. त्या पत्रावर माझं नाव छापलं होतं. म्हणून परत लिहिलं चौदा. एवढंच. एवढ्याशा हौसेपायी माझ्या क्लॅरिसचा दिवा घालवून बसले मी.

क्लॅरिस म्हणजे माझी लेक. रडत नाहीये मी, चहा गरम आहे. दोन वर्षांपूर्वी अकरा घरं बांधली गावानं, त्यातलं एक तिला मिळालं. भिंती झाल्या, नळ झाले, तारा ओढल्या, आणि वीजवाले म्हणाले, जोडणी मिळणार नाही. इंजिनाचा दम संपलाय, आणखी एक घर जोडलं तर सगळंच बसेल. अकराची अकरा रिकामी, दुसरा टप्पा होईपर्यंत. माझ्या घरात आधीच नऊ जण, ती दोन पोरं घेऊन झोपणार कुठं? गेली थंडर बे शहरात, एका खोलीत राहते. दर रविवारी फोन करते, आई, जोडलं का घर? मी म्हणते, होईल गं, माणसं चांगली आहेत, कौतुक करतात आपलं. तिचा धाकटा आता माझ्याशी आमची क्री भाषा बोलत नाही. समजतं त्याला, पण उत्तर इंग्रजीत देतो. आणखी दोन वर्षं गेली तर समजणंही जाईल. आता कळलं, ती पाटी मला का नको?

लिही. खोटा अहवाल दिला असं लिही. फिलोमिन वबानो, इंजिनघर. चीफचं नाव घालू नकोस, तो पुढल्या साली निवडणुकीला उभा राहणार आहे. नोकरी जाईल? जाऊ दे, गुडघा तसाही गेलाय. काय? माझ्या शब्दावर होणार नाही? आधी चौदा म्हणाले, आता नाही म्हणते, मग वरच्यांनी कशावर विश्वास ठेवायचा? हं. तेही बरोबर. पुरावा पाहिजे तुला. मग बघ ना डोळ्यांनी! रविवारी दुपारी सगळे परततील. प्रत्येक घरात चाळीस-पन्नास हंस, म्हणजे सगळे फ्रीजर एकदम चालू. दोन आठवड्यांचे चिखलाचे, रक्ताचे कपडे, म्हणजे धुलाईयंत्रं एकदम चालू. किटल्या, हीटर, आणि सातला रेडिओवर बिंगो, कुणी चुकवायचं नाही. तो विजेच्या मीटरचा काटा दिसतोय? दहा मिनिटांत लाल पट्टीवर जाईल आणि हे धूड असं खाकरून उठेल की तू ह्या डब्यावरून खाली पडशील. त्या काट्याचा फोटो काढ. फोटो काढता येतात ना तुम्हाला!

हां, ते तुझंच विमान. बस, उठू नकोस. बस म्हणते ना! — ए डॅरिल! डॅरिल! जा रे तू, जा! साहेब थांबतायत! रविवारपर्यंत! — गेला बघ, पायलट शहाणा पोरगा आहे, माझा आवाज ऐकला की वाद घालत नाही. ओरडू नकोस, मला ऐकू येतं. बायकोला फोन कर, सांग हंस खायला थांबलो. झोपायचं कुठं? वा, जागा नाही होय! ते निळ्या दाराचं घर दिसतंय ना, ते क्लॅरिसचं. कोरं करकरीत आहे, अजून कुणी एक रात्रसुद्धा झोपलेलं नाही. लाकडाची शेगडी पेटवून देते, थंडी वाजायची नाही. घे, ही टॉर्च घे. आणि आत शिरलास की दाराच्या उजव्या हाताला दिव्याचं बटण आहे, सवयीनं दाबशील. दाब. मी रोज दाबून येते.