खोट्या मतांची खरी तक्रार

(दुपार. टेबलापाशी लॅपटॉप उघडून बसलेली धाकटी, दाराशी उभा तिचा थोरला भाऊ, खुर्चीत वडील.)

अप्पा : तुमच्या भांडणातून एवढं कळलं, की तक्रार खरी आहे, आणि तिच्या पाठीशी उभी केलेली माणसं खोटी आहेत. खोट्याला शिक्षा देताना त्याच्याबरोबर खरंही कोंडलं जावं का, एवढंच आता ठरवायचं आहे. दादा, तू आधी बस.

दादा : बसायला वेळ नाही, अप्पा. हिला सांगा, माझ्या तक्रारीचा तो इश्यू उघड म्हणावं.

धाकटी : ‘ही’ इथेच बसली आहे. माझ्याशी बोल. आणि मी त्याला कुलूप का घातलं, ते तूच नीट सांग अप्पांना.

दादा : थोडी मतं वाढवली मी.

धाकटी : थोडी! अप्पा, आमचं पंप चालवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. कोड सगळ्यांना खुला, आणि काम करणारे सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून करतात. म्हणून कुणाला अडचण आली की ट्रॅकरवर, म्हणजे आमच्या तक्रारवहीत, लिहायची, आणि ज्यांना तीच अडचण असेल त्यांनी खाली अंगठा द्यायचा. जास्त अंगठे, ते काम आधी. ह्यानं एका दुपारी अख्खं गणगोत उभं केलं. मावशी, आत्या, वहिनीचे दोन्ही भाऊ.

अप्पा : आत्यानं मत दिलं? तिला तर आलेला फोन उचलता येत नाही.

धाकटी : तुम्हीसुद्धा दिलंत. वर लिहिलंत, “विषय अत्यंत निकडीचा असून कृपया लक्ष घालावे.”

अप्पा : माझ्या नावानं?

दादा : तुमच्यासारखंच लिहिलं होतं, अप्पा. अगदी शुद्ध.

अप्पा : त्याचा मला अभिमान वाटावा, अशी अपेक्षा आहे का?

दादा : मला काय वाट्टेल ते बोला, पण संध्याकाळी. उद्या सकाळी सबस्टेशनची दुरुस्ती आहे. वीज जाणार आणि परत येणार. आली की हिचा प्रोग्राम क्लोरीनचा पंप पूर्ण वेगानं सोडतो. आधी किती चालू होता ते विसरूनच जातो. आमच्या पाणी केंद्रावर मी स्वतः बटण बंद करायला उभा राहतो. बाकीच्या केंद्रांवर कोण आहे?

धाकटी : बाकीची कुठली?

दादा : आजूबाजूच्या गावांची. माझ्या शब्दावर बसवला त्यांनी. मीच सांगत फिरलो, फुकट आहे, चांगला आहे, माझ्या बहिणीचा आहे. मागच्या वेळी एका शाळेत पोरांचे घसे जळजळले. थोडक्यात निभावलं.

धाकटी : पोरांचे घसे? हे तू लिहिलं नाहीस, दादा! ऐका अप्पा, ह्याची तक्रार : “पुनःप्रारंभानंतर मात्रेत तफावत आढळते.” तफावत! गांभीर्य काय, तर ‘साधारण’. कुठे पाणी नाही, क्लोरीन नाही, माणूस नाही. मला वाटलं, कुणाच्या तरी प्रयोगशाळेतली बाटली असेल.

दादा : सगळं जग वाचतं तिथं. साहेबांनी विचारलं असतं, हे बसवलं कुणी.

धाकटी : म्हणजे भ्यायलास.

दादा : हो, भ्यायलो. पण त्याआधी तुला फोन केला होता. काय म्हणालीस? “घरचा माणूस म्हणून मध्ये घुसू नकोस, रांगेत ये.” आलो रांगेत. माझ्यापुढे कोण होतं? स्क्रीनचा रंग काळा करून द्या म्हणणारे! शेकड्यानं!

धाकटी : रांग सगळ्यांना सारखी आहे.

अप्पा : दवाखान्यातही रांग असते, बाळ. पण रक्त वाहत असेल त्याला तिथं कुणी नंबर विचारत नाही.

धाकटी : पण ह्यानं जखम झाकून आणली, अप्पा! फोनवर विचारायला हवं होतं, तेवढं माझं चुकलं. पण मत खोटं असेल तर तक्रारीला कुलूप आणि ते देणाऱ्यावर बंदी, हा नियम प्रमुख म्हणून मीच लिहिलाय. मागे एका परक्या माणसाला ह्याच चुकीसाठी बाहेर काढलं. बिचारा हातापाया पडत होता, तरी नाही ऐकलं. आज भावासाठी कुलूप उघडू? माझे सहकारी मला कधी भेटलेलेसुद्धा नाहीत. त्यांच्यापाशी माझा शब्द आहे, बाकी काही नाही.

दादा : मग राहू दे तुझा शब्द, आणि पोरांना पिऊ दे ते पाणी!

अप्पा : आवाज खाली. ती कुलूप उघडायला नाही म्हणते आहे. काम करायला नाही म्हणाल्याचं मी अजून ऐकलं नाही.

धाकटी : थांबा जरा. दोघंही गप्प बसा.

दादा : काय लिहितेस?

धाकटी : नवा इश्यू, माझ्या नावानं. “वीज परत आली की पंप पूर्ण वेगानं सुरू होतो. हे पाणी माणसं पितात. दुरुस्ती होईपर्यंत सर्वांनी पंप हातानं चालवावा. हा दोष कळवणारा माझा सख्खा भाऊ आहे. खोटी मतंही त्याचीच. ते कुलूप आणि त्याच्यावरची बंदी कायम राहावी. यापुढचा निर्णय मी घेणार नाही, दुसऱ्या कुणी घ्यावा.”

दादा : केंद्राचं नाव घालणार?

धाकटी : तू सांगितलंस तर.

दादा : ... घाल. माझंही घाल.

अप्पा : मलाही एक मत द्यायचं आहे. या वेळी माझं मी देईन.

धाकटी : याला मतं लागणार नाहीत, अप्पा. ‘तातडीचं’ असं लेबल लावून पानाच्या माथ्यावर टाचलंय. कुणीही आलं की पहिल्यांदा हेच दिसेल.

दादा : वाचलं का कुणी?

धाकटी : एकानं वाचलं. त्यानं स्वतःच्या मशीनवर वीज तोडून पाहिली. तसंच झालं म्हणतोय. दुरुस्ती त्यानं अंगावर घेतली.

दादा : सुटलो!

धाकटी : खाली आणखी एक ओळ आहे. “आधी हे होऊ दे. तुम्ही प्रमुख राहावं की नाही, यावर नंतर बोलू.”

दादा : छोटे, माझ्यामुळे...

धाकटी : ते नंतर. दुरुस्ती सकाळच्या आत होईलच असं नाही. फोन काढ. एकेका केंद्राला सांग, आधी त्या शाळेजवळच्या.

दादा : आणि त्यांनी विचारलं, तुला हे केव्हापासून माहीत होतं?

अप्पा : तर सांग, केव्हापासून.

दादा : हॅलो... हो, मीच बोलतोय. तो पंपाचा प्रोग्राम मी बसवायला लावला होता ना, त्यात दोष आहे. नाही, आज नाही कळला. मला आधीपासून माहीत होता. ऐकून तर घ्या... हो, माझीच चूक. उद्या सकाळी पंपापाशी माणूस उभा करा.

धाकटी : अप्पा, पद गेलं तर?

अप्पा : जाईल कदाचित. उद्या जे कुणी नळाखाली ओंजळ धरतील, त्यांना ते पाणी गोड लागो. आणि ते गोड राहावं म्हणून कुणी काय सोसलं, हे त्यांना कधी कळायची वेळ न येवो.