चहा संपेपर्यंत तीन डायलॉग

गेणू : जिंकलो तर सोमाजीच्या घरची चार माणसं दोन दिवस आपल्या भाताच्या आवणीला. सावडीसारखं बदल्यात आपण राबायला जायचं न्हाई.

जानकाबाई : आन् हरलात तर आपण दोघं त्यांच्या चिखलात. आपलं रोप वाफ्यातच पिवळं पडणार. पैज लावताना बायकोला इचारावं, न्हाई?

गेणू : तीनच डायलॉग गं, त्याच्या लाडक्या पिक्चरमधले. बोलता बोलता सोडायचे. चहा संपेस्तोवर त्यानं एक बी धरला न्हाई, की जिंकलो.

जानकाबाई : जत्रंच्या तंबूत अकरा येळा पाह्यलाय त्यांनी, आता मोबाईलवर रोज. आन् तुमी डायलॉग म्हणताना छाती फुगवता. म्हशीला बी कळंल.

सोमाजी : राम राम! कर सुरू, गेणू.

गेणू : बस भाऊ. आभाळ लई दाटलंय.

सोमाजी : धरला! पाटील म्हणतो, घोड्यावरनं!

गेणू : अरे, वर बघ की. खरंच दाटलंय.

सोमाजी : हां... मग ऱ्हाऊ दे.

जानकाबाई : भावजी, चहा घ्या. पाणी मागणाऱ्याला बी दूध देणारं घर हाय हे.

सोमाजी : दूध झकास हाय, वैनी. गेणू, गप का?

गेणू : पाय ठणकतोय.

सोमाजी : धरला! जखमी फौजदार!

गेणू : काटा मोडलाय राव, हा बघ!

जानकाबाई : त्यांचं सोडा. घरी तुमची अंबाबाई बरी हाय ना?

सोमाजी : रुसलीय. जुन्नरच्या बाजारातनं साडी आणायची ऱ्हायली.

जानकाबाई : बाईचा राग आन् घाटातलं धुकं, उन्हं चढली की उतरतंय.

सोमाजी : लाख बोललात! गेणू, तोंड उघड की.

जानकाबाई : घ्या अजून घोटभर. मोजून वाढणाऱ्याच्या दारात देव बी थांबत न्हाई.

सोमाजी : वा! हा बघ, कप रिकामा. एक बी डायलॉग न्हाई! सोमवारी या दोघं माझ्या खाचरात.

जानकाबाई : तीन झाले, भावजी. दूध पाटलिणीचं, धुकं नावाड्याचं. आन् शेवटचा, जिथं तुमी दर खेपंला रडता.

सोमाजी : आं? ...देवाच्यान, तेच की! पण पैज गेणूची व्हती!

जानकाबाई : सावडीला तुमच्या शेतात मी राबते, तो दिवस ह्यांच्या नावावरच धरता ना? मग माझे डायलॉग बी ह्यांच्याच नावावर धरा.

गेणू : बोल की आता, सोमाजी. तोंड उघड!

सोमाजी : हरलो, राव. येतो सोमवारी, चौघं.

जानकाबाई : अंबाबाईला सांगा, तिचे दोन दिवस मी फेडीन. तुमचे न्हाई.