विश्रांती स्वस्त पडते

(बसायची खोली. सासू पलंगावर उशांना टेकून, सून दारात उभी, समोर खुर्चीवर आरोग्य योजनेचा तपासनीस.)

तपासनीस : म्हणजे आजी, फोनवर तुम्ही प्रत्येक प्रश्नाला ‘मजेत आहे’ असंच सांगितलंत?

सासू : आजी नाही, बाई म्हणा. जन्मभर शाळेत कवायत शिकवली. परक्यानं कसं काय विचारलं, की मजेतच म्हणायचं असतं.

सून : आई, ती ख्यालीखुशाली नव्हती. तुमच्या मणक्याचा उपचार त्यावर ठरणार होता.

सासू : मला काय स्वप्न पडलं होतं? गोड बोलत होती पोरगी. तिच्यापाशी रडगाणं गाऊ?

तपासनीस : त्या उत्तरांना गुण असतात, बाई. तुमचे इतके चांगले आले, की उपचारानं आणखी काय सुधारणार, असं झालं. म्हणून नकार आला.

सून : आणि एक्स-रेचा फोटो? अडकलेली खिडकी ओढली तर मणका पिचला. इतकी हाडं ठिसूळ झालीत.

तपासनीस : फोटोत मणका दिसतो, त्रास दिसत नाही. शिवाय तुम्ही मागितलेला उपचार, म्हणजे मणक्यात सुईनं हाडाचं सिमेंट भरणं, खर्चाचं काम. बरेच जण गोळ्या आणि विश्रांतीवर सावरतात. विश्रांती स्वस्त पडते.

सासू : कुणाला?

तपासनीस : योजनेला.

सासू : हां, आता नीट बोललात. ही बिनपगारी रजेवर आहे. मला उठवते, बसवते, संडासला नेते. ते तुमच्या हिशोबात कुठं बसतं?

तपासनीस : घरच्यांनी केलेलं धरत नाहीत.

सासू : का? वेठबिगार आहे का ती?

सून : आई, जाऊ द्या ना.

सासू : का जाऊ द्या? तुझी नोकरी गेली तर हे येणार आहेत भरून द्यायला? मणका माझा मोडलाय, तोंड नाही.

तपासनीस : नियम मी केले नाहीत, बाई. पण प्रश्न पुन्हा विचारता येतात. या वेळी खरं सांगा.

सासू : कण्हून दाखवणार नाही. आधीच सांगते.

तपासनीस : नका दाखवू. घरात चालता?

सासू : चालते. ताठ.

सून : आई...

सासू : बरं. वाकून. भिंत धरून, दारापर्यंत. लिहा.

तपासनीस : कपडे?

सासू : ही घालते.

तपासनीस : अंघोळ?

सासू : सूनबाई, आत जा जरा.

सून : नाही जाणार.

सासू : बघा, अख्खी शाळा माझ्या शिट्टीवर वळायची, आणि ही ऐकत नाही. लिहा मग. अंघोळही हीच घालते. हात वर केला की कळ मस्तकात जाते. मी रडते तेव्हा, हिच्याकडे पाठ करून. हिला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडायला लावते. झालं समाधान?

तपासनीस : पुरे, बाई. यावर मी मंजुरी मागतो.

सासू : आणि हिच्या रजेचं?

तपासनीस : रकाना नाही. खाली शेऱ्यात लिहितो.

सासू : ठळक लिहा.

सून : मला ऐकू येतं, आई. नळ सोडला तरी.

सासू : मग कधी बोलली का नाहीस?

सून : नळ आणखी मोठा करायचे.