मुंबईचा शेक अन् माही वीट

मंडळी, बसा. ज्याईले जागा नाई त्याईनं भिताडाले टेका.

शाळेच्या वट्यावर एवढे लोक मी पयल्यांदाच पाह्यले. माही सून पंचफुला आजारी होती तवा यातल्या चौघी घरी आल्या होत्या. त्यातल्या दोघी, कापलेली छाती कशी दिसते ते पाहाले.

मले बोलता येत नाई. मी शाळेत गेली ती दीड वर्ष. गुरुजी म्हणे, आजी, दोन शब्द बोला. दोन शब्दात होत नाई, गुरुजी. तुमी आता सांगतलं का पंचफुलेनं महिला मंडळ काढलं, बायाईले सही शिकवली अन् देवानं तिले नेलं. पयल्या दोन गोष्टी खऱ्या हाय. तिसरी नाई.

मी रडाले उभी नाई. इथं एक बाई बसली हाय. तिच्या छातीत गाठ हाय. मी बायाईचं अंग चोळते, माह्या बोटाईले समजते. तिचं नाव मी घेत नाई. तिचा नवरा बी इथंच हाय. परवा पारावर दहा-बारा जण म्हणत होते, "मुंबईच्या विजेनं पंचफुला जाळली. आपल्या घरची बाई आपण नाई पाठवत." त्यात तो बी मान हालवत होता.

मान हालवणाऱ्या बाप्पा, तू आयक. तुह्यासाठीच बोलून राह्यली.

पोळ्याच्या आधी पंचफुलेनं मले गाठ दाखवली. माहा लेक तिले मुंबईले घेऊन गेला. तठी डॉक्टरनं छाती कापली. मग विजेचं यंत्र वरून धरत. दवाखान्यातले लोक त्याले शेक म्हणत. अर्धे शेक झाले अन् चामडी काळी पडली. अन्न पाह्यलं का उलटी. डॉक्टर म्हणे, पंधरा दिवस घरी जा, चामडी निवू द्या, मग उरलेले शेक घ्याले या.

घरी आली तवा छातीवर जांभळ्या शाईचा चौकोन, शेक कुठं द्याचा त्याची डॉक्टरनं केलेली खूण. मी म्हटलं, "हे काय, वावराचा बांध-धुरा आखला का?" ती हसली. हसली अन् ओकली.

फोडणीचा वास आला का बाहेर पळे. म्हणून आमी सगळे बिनफोडणीचं वरण खात होतो. मी बोलली बी, "तुह्यापायी घरादाराची जीभ मेली."

ती म्हणे, "आत्याबाई, माही तर कधीचीच मेली."

पंधरा दिवस झाले. लेक तुरीच्या सोंगणीत अडकला. पंचफुला म्हणे, "मले जा लागते, शेक राह्यले." मी विचारलं, मुंबईत देतात तरी काय? म्हणे, शेक. मी म्हटलं, एवढंच ना?

मंडळी, या केनवड गावातल्या अर्ध्या बाळंतिणी मी शेकल्या. वीट चुलीत तापवाची, एरंडाच्या पानात गुंडाळाची, वरून फडकं. तुमच्या कंबरा त्याच विटेनं सरळ झाल्या. मग शेकासाठी मुंबई कायले?

पंचफुला म्हणे, "आत्याबाई, हा तो शेक नोय. डॉक्टरनं ऊन पाणी बी लावू नका म्हटलं."

मी म्हटलं, "शेक म्हणजे शेक. चौथी शिकली म्हणून मले नको शिकवू."

तिची चौथी मले लग्नापासून खुपत होती. आज सांगते.

चार दिवस शेकलं. ती ओठ दाबून बसे. मले वाटलं, लागू पडून राह्यलं. पाचव्या दिवशी पान उचललं तर पानासंग चामडी आली.

लेकानं गाडी जुपली, वाशिमले नेलं. तिथला डॉक्टर म्हणे, या जखमेवर आता वीज देता येत नाई, जखम भरू द्या. जखम भरली नाई. पू झाला. ताप चढला तो उतरलाच नाई.

उरलेले शेक मिळते तर वाचती का? मले माहीत नाई. डॉक्टरले बी माहीत नाई. पण ते मिळाले नाई, माह्या विटेपायी. मुंबईनं नाई जाळलं. मी जाळलं.

मी तिले विचारलं, "पोरी, वरडली काहून नाई?"

म्हणे, "तुमी पयल्यांदाच माह्यापाशी एवढा वेळ बसल्या होत्या."

नाकं पुसू नका. कामाचं आयका.

बाप्पा, खोटं सांगत नाई. उलट्या होतात. चामडी करपते. उभं राहाची ताकद राहत नाई. बाई कपाळाले हात लावून बसते. पण ते सोसता येते. ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून घोटघोट द्याच्या. खरबरीत लुगडं अंगाले लागू द्याचं नाई. शाई पुसाची नाई. अन् तुही माय वीट घेऊन आली, तर वीट बाहेर फेकाची अन् मायले बी बाहेर काढाचं. पंचफुला हे मले शिकवून गेली. एवढं शिकाले मले एक सून लागली.

उद्या सकाळी माही गाडी वाशिमच्या टेसनावर जाईल. लेकाले दवाखाना माहीत हाय. मी संग जाते. तू नाई म्हटलं तर मी तुह्या दारात उभी राहीन अन् तुह्या बायकोचं नाव साऱ्या गावाले सांगीन. मले लाज नाई. जिच्या हातून सून मेली तिले कोण काय म्हणणार हाय?

आता उठा सगळे. पंचफुलेसाठी चूप राहाचं हाय. हात जोडा. डोळे मिटा, गुरुजी तुमी बी.

अन् पोरी, तू नको मिटू. सगळ्याईचे डोळे बंद हाय. कोणी पाहत नाई. तू मुकाट्यानं निघ, घरी जा अन् गठुडं बांध.

बाकीच्याईनं मी सांगेपर्यंत डोळे उघडाचे नाई.