टोपलीतल्या गोळ्या

बहिणीच्या उरलेल्या गोळ्या आपल्याला चालतील का हे विचारायला त्या पर्समध्ये घेऊन वगीहा कैरोतल्या त्वचेच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत होती. पुढच्या बाकावर दोन शेजारणींच्या गप्पा रंगल्या होत्या.

"उम्म रगब, गळू अजून तसंच? डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या ना?"

"दोन दिवसांत ठणका थांबला होता गं, म्हणून बंद केल्या. उरलेल्या टोपलीत घालून बाल्कनीतून तुझ्याकडेच नव्हत्या का सोडल्या?"

"हो, मीही दोनच दिवस घेतल्या आणि टोपली आणखी खाली, तळमजल्यावर सोडली."

"बघ, एका चिठ्ठीत तीन मजले!"

"जंतूंचाही मजल्या-मजल्यावर पाहुणचार! आता म्हणे ते त्या गोळीला भीक घालत नाहीत."

"आणि तळमजल्यावरच्या नौराचं बाळ?"

"इस्पितळात आहे. इंजेक्शनंही लागू पडत नाहीत."

"अरेरे, बिचारी! आज नवी गोळी मिळू दे, परवा टोपली सोडतेच."