अनसाक्काच्या दातांतला लिंबाचा डहाळा

मंडळी, आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातच द्या, मोठ्यानं दिलंत तर घरी भांडणं होतील! प्रश्न असा – तुमच्या दारातलं कुत्रं जोरजोरात भुंकायला लागलं, तर तुम्ही उठून कोण आलंय ते बघता, की कुत्र्यालाच धोंडा मारून गप्प करता?

सगळे म्हणताय, उठून बघतो! वा वा! सगळेच शहाणे! मग देवानं तुमच्या तोंडात जो राखणदार बसवलाय, त्याचं काय केलंत? – आता बघा, पुढच्या रांगेतल्या आजीबाईंनी पदर तोंडावर घेतला! आजी, मी अजून काहीच बोललो नाही हो!

तर ऐका. एका डोंगराच्या कुशीत आंबेखिंड नावाचं गाव. गावाची देवी खिंडाई. चैत्रात यात्रा भरते, आणि त्या यात्रेत एक मान असतो. कसला? तर मानाच्या बाईनं विहिरीवरनं पाण्याची घागर डोक्यावर घ्यायची, दोन्ही हातांनी धरायची, आणि तोंडात – दातांत! – कडुलिंबाचा डहाळा धरायचा. अनवाणी निघायचं, सगळ्या पायऱ्या चढून देवळात जायचं. वाटेत एक शब्द बोलायचा नाही. मंडळी, बायकांनी एवढा वेळ बोलायचं नाही, म्हणजे केवढं कडक व्रत! – हसू नका, पुरुषांना तर पहिली पायरीसुद्धा जमली नसती! देवळात गुरव तो डहाळा काढून घेतो, घागरीत बुडवतो आणि साऱ्या गावावर पाणी शिंपडतो. वाटेत डहाळा पडला, तर मान गेला भावकीतल्या दुसऱ्या घरी. कायमचा!

हा मान निगड्यांच्या थोरल्या सुनेचा, अनसूयाबाईंचा. सारं गाव त्यांना अनसाक्का म्हणायचं. लग्न होऊन आल्यापासून दरसाल डहाळा त्यांच्याच दातांत. बाई ताठ! घागर डोक्यावर, नजर समोर, आणि मागे चुलत जाऊ कोंडाबाई – डहाळा कधी पडतोय याची वाट बघत!

आता अनसाक्कात खोट काढायला जागा नव्हती. एकच नाद. मिसरी! तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं. त्या वासानं शेजारचा म्हातारा शिंकून शिंकून बेजार! मग ते कुटायचं, डबीत भरायचं, डबी कमरेला. सकाळी उठली की मिसरी, धुणं झालं की मिसरी, दुपारी डोळा लागला नाही तरी मिसरी, लागला तरी उठल्यावर मिसरी! बोट हिरडीवर फिरायला लागलं की बाईंचं चित्त एकदम स्थिर. आपलं नामस्मरणात कधी होतं का हो तसं?

अशा घरात सून आली. रेश्मा. सकाळी मोरीपाशी उभी राहून ब्रशनं दात घासायची, तोंडभर फेस. अनसाक्का ओट्यावरनं म्हणायच्या,

"आगं, त्वांड धुतीस का कापडं? माज्या आत्याबाईनं जलमभर मिसरी लावली, सरणावर गेली तवाबी बत्तिशी शाबूत हुती!"

आता सरणावर जाऊन दात कुणी मोजले, हे सुनेनं विचारलं नाही. शहाणी होती पोर! तिनं काय केलं, बाजारातनं सासूला मऊ ब्रश आणून दिला. "आत्या, एकदा बघा तरी."

सुनेचं मन राखायला अनसाक्कांनी घासलं. थुंकल्या. थुंकीत रक्त! झालं! वाडीभर बोंब – "सुनंनं माजं त्वांड फोडलं!" बायका जमल्या. कुणी म्हणालं ब्रशचे केस लोखंडाचे असतात. कुणी म्हणालं पेस्टीत विषार असतो. कोंडाबाई म्हणाली, "आक्का, मिसरीच बरी." ब्रश उकिरड्यावर गेला. अनसाक्कांनी मिसरी जास्त लावायला सुरुवात केली, आणि काय चमत्कार! थोड्या दिवसांत रक्त थांबलं!

"बगितलं?" अनसाक्का म्हणाल्या. "मिसरीनं गुण आला!"

मंडळी, गुण आला का हो? कुत्रं भुंकायचं थांबलं – चोर गेला म्हणून, की कुत्र्याला गुंगी दिली म्हणून? इथेच तर सगळी मेख आहे! पण थांबा, तो उलगडा डॉक्टरीणबाई करतील. मी नुसता टाळ कुटणारा माणूस.

दोन वर्षं गेली. हिरड्या आधी लालभडक, सुजलेल्या. त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. मग तोंडाला वास यायला लागला. अनसाक्कांचे यजमान, दौलतराव, बोलताना तोंड फिरवून बसायला लागले. बाईंना वाटलं, म्हातारा रुसला! पुढे दात लांब दिसायला लागले. आरशात बघून त्या म्हणाल्या, "या वयात दात वाढाय लागलं जनू!" अहो आक्का, दात वाढत नाहीत. हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं! पावसानं बांधाची माती वाहून गेली की झाड उंच दिसतं, तसं. भाकरीचा पापुद्रा आता कालवणात भिजवल्याशिवाय जात नव्हता. आणि दुखत मात्र काहीच नव्हतं, मंडळी! इथंच माणूस फसतो. दुखलं असतं तर गाव डोक्यावर घेतलं असतं.

यात्रा तोंडावर आली. एके दुपारी अनसाक्कांनी पेरूला दात लावला, आणि खालचा पुढचा दात हलला. जीभ लावली, पुन्हा हलला. शेजारचाही हलला. बाई पेरू हातात धरून तशाच बसल्या. त्यांना काय आठवलं असेल? दात? छे! डहाळा!

कुणाला सांगणार? त्या गपचूप गोठ्यात गेल्या. लिंबाचा डहाळा तोडून आणला, दातांत धरला, डोक्यावर रिकामी घागर घेतली आणि म्हशीपुढनं चालायला लागल्या. म्हैस रवंथ करायची थांबली! चार पावलं गेल्या नाहीत, तो डहाळा खाली. पुन्हा धरला. पुन्हा खाली. जोर दिला तर दात कलंडतात. आणि दारात बघतात तर रेश्मा उभी.

मंडळी, एरवी सुनेला ही केवढी संधी! पण ती हसली नाही. डहाळा उचलला, सासूच्या हातात दिला आणि म्हणाली, "आत्या, उद्या आपण बांगड्या भरायला तालुक्याला जाऊ."

अनसाक्का सगळं समजल्या. "कोंडीला म्हाईत व्हता कामा न्हाई," एवढंच म्हणाल्या.

बांगड्या राहिल्या बाजूला, दोघी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी तोंडात बारीक आरसा घातला, बारीक सळईनं हिरडी चाचपली. मग विचारलं,

"आजी, रक्त कधी यायचं का?"

"यायचं की. पर थांबलं."

"कशानं थांबलं?"

"मिसरीनं!" – अजूनही थोडा अभिमान होताच!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, दातांवर रोज एक चिकट थर साचतो. तो रोज निघाला नाही की त्यात जंतू माजतात, थराचा दगडासारखा कीट होतो, हिरडी सुजते आणि हात लागला की रक्त येतं. ते रक्त म्हणजे हिरडीची हाक होती. ब्रशनं जखम केली नव्हती, ब्रशनं दुखणं दाखवलं होतं! तेव्हा आला असतात, तर साफ करून सगळं पूर्ववत झालं असतं. तंबाखूनं हिरडीतला रक्ताचा ओघ आटतो, म्हणून रक्त दिसेना झालं. आत दाताला धरणारं हाड झिजतच राहिलं. आता झिजलेलं हाड काही परत यायचं नाही."

अनसाक्कांनी एकच विचारलं, "डहाळा धरता येईल का?"

"खालचे दोन दात वाचतील असं वाटत नाही. बाकीचे वाचवू. कीट काढू, मिसरी सोडा, रोज दोनदा मऊ ब्रश फिरवा. रक्तातली साखरही तपासून घ्या. ती वाढलेली असली की हिरडी आणखी बिघडते. पण पुढच्या दातांवर ताण नको. नाहीतर उद्या पडायचे ते आजच पडतील."

घरी आल्यावर दोघींच्या ध्यानात आलं – बांगड्या खरंच विसरल्या होत्या.

कीट काढला, मिसरी सोडली. सोडली म्हणजे – काय सांगू! हात सारखा कमरेला. घरातल्या भांड्यांनी काय काय ऐकून घेतलं त्या दिवसांत! आणि ब्रश सुरू करताच पुन्हा रक्त! अनसाक्का घाबरल्या, डबी शोधायला लागल्या. रेश्मानं हात धरला. "आत्या, येऊ द्या. आता हिरडी खरं बोलायला लागलीय. रोज घासलं की रक्त हळूहळू थांबेल." तसं ते थांबलंही. या खेपेला खरोखरीचं.

यात्रेचा दिवस उजाडला. विहिरीवर सारं गाव. हलगी कडाडतेय. गुरवानं डहाळा पुढे केला. अनसाक्कांनी तो हातात घेतला, कपाळाला लावला, आणि तोंडात धरला नाही! हलगी थांबली.

"माजं दात हालत्यात," अनसाक्का मोठ्यानं म्हणाल्या. "दोन वर्सं हिरडी वरडत हुती, म्या मिसरी लावून तिला गप केली. आईचा डहाळा वाटंत पडण्यापरास म्या हितंच बाजूला हुतीय. कोंडे, घे. आता मान तुजा."

एवढी वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली, तो समोर आला! कोंडाबाई पुढे झाली. हात पुढे केला. आणि तो हात हळूहळू वळून तिच्याच तोंडावर गेला.

"काय गं?"

"आक्का," कोंडाबाई बोटांच्या फटीतनं म्हणाली, "माजं तर वरचंबी हालत्यात!"

मग काय! गुरवानं तिसरीला विचारलं, ती घागर बघायला लागली. चौथी आभाळ बघायला लागली. पाचवीला एकदम आठवलं की चुलीवर दूध आहे! सगळ्या मानाच्या घरांतल्या बायका, सगळ्यांच्या कमरेला डबी, आणि एकीच्याही दातांत पानाएवढा डहाळा पेलायची ताकद नाही! देवी आत वाट बघतेय, आणि गाव विहिरीवर खोळंबलंय!

शेवटी अनसाक्कांनी वळून हाक मारली, "रेश्मा, म्होरं ये."

कोंडाबाई म्हणाली, "म्हंजे मान पुन्यांदा तुज्याच घरात! लई शानी हाईस!"

रेश्मा पुढे आली. डहाळा धरला. घागर चढवली. निघाली. आणि मंडळी, डहाळ्याचं पान हललं नाही!

लोक हसत होते, भंडारा उधळत होते. अनसाक्का बाजूला उभ्या होत्या. सुनेचं कौतुक होतं, पण डोळ्यांतनं पाणीही वाहत होतं. का वाहू नये? जन्मभर जपलेला मान! वय झालं म्हणून गेला असता, देवीनं नेला म्हणून गेला असता, तर त्यांनी हात जोडले असते. हा तर सांगून सवरून, हाका मारून गेला होता. वाईट त्याचं वाटतं हो!

मग त्यांनी डबी काढली. – विहिरीत नाही टाकली! गाव पाणी पितं तिथलं! बाभळीखाली खड्डा केला आणि आत टाकली. कोंडाबाई बघत होती. तिनं कमरेला हात घातला, आणि त्याच खड्ड्यात आपलीही डबी टाकली. शेजारी! सारा जन्म दोघींचं पटलं नाही, पण डब्या एकत्र नांदताहेत!

बोला, खिंडाईच्या नावानं – उदो, उदो!

आवाज मोठा आला! पण काही जण तोंड मिटूनच उदो म्हणाले, ते मी पाहिलं. खांबाशी बसलेले दादा, गालात तंबाखूचा बार धरून "उदो" कसं म्हणता येतं, शिकवा मला एकदा! हा नुसता आजीबाईंचा विषय नाही. आणि त्या कोपऱ्यातल्या ताई, पोटुशी आहेस, हिरडी सुजली असेल तर अंगावर काढू नकोस, दाखवून घे. उद्या सकाळी प्रत्येकानं दात घासून एकदा थुंकीकडे बघा. लाल दिसली, तर ब्रशला शिव्या देऊ नका आणि देवाला नवस बोलू नका. राखणदार भुंकतोय. उठा, आणि दार उघडून बघा!

आता आरती. आणि हो – आज प्रसाद मी मुद्दाम सांगून करवलाय. खिरापत नाही, शिरा नाही. फुटाणे! दाराशी मी स्वतः उभा राहून मूठमूठ देणार आहे. कोण तिथल्या तिथे कडाकडा चावतंय, आणि कोण "नातवाला नेते हो" म्हणून पदराला बांधतंय – ते मला बघायचंय!