पुरस्कार घेतला, लग्न हुकलं

माझं माहेर डोंगरापल्याड, सासर हितं उरवड्यात. सोळाव्या वर्षी आले, शेती केली, मग कंपन्या आल्या, आन् मालक गेल्यावर मी मागच्या अंगाला चार खोल्या बांधल्या. ओडिशाची, बिहारची, आसामची माणसं राहाया आली. त्यांची हिंदी मला येईना, माझी मराठी त्यांना कळंना, पण चाललं व्हतं.

मग देवळातली समई गेली. कुणी नेली देव जाणे, पण सकाळीच बैठक बसली आन् माझा धाकला दीर, बाळू, उठून म्हणला, बाहेरच्यांनीच नेली, आजच्या आज खोल्या मोकळ्या करा. समदे माना हलवाया लागले. काय सांगू तुमाला, माझ्याकडं आसामची शबाना व्हती, आठवा महिना लागलेला, नवरा कंपनीत. मी इचारलं, हिला वाकता येईना, ही समई उचलंल व्हय?

दुपारी वीस-पंचवीस जण काठ्या घिऊन आले, दीर पुढं. शबानाला माझ्या घरात घेतलं आन् मी उंबऱ्यात बसले. लोक म्हणत्यात धाडस केलं, तसं काय न्हाई, दुसरं काय सुचलं न्हाई म्हणून बसले. दीर म्हणला, वहिनी, बाजूला व्हा. मी म्हणले,

"भाऊजी, आधी मला उचला, मग तिला."

त्यानं हात पुढं केला. मला वाटलं, आता वढतोय. पण वहिनीच्या अंगाला हात लावाया धजंना, हात मागं घेतला आन् वळला, त्याच्या मागं बाकीचे.

दुसऱ्या दिवशी चारी खोल्यांची माणसं घिऊन पौडला तहसीलदाराकडं अर्ज दिला. साहेब गावात येऊन सांगून गेले, कुणालाबी असं हुसकता येत न्हाई.

आवंदा पुण्यातल्या एका संस्थेच्या लोकांनी मला पुरस्कार ठरवला, निरनिराळ्या धर्मा-भाषेच्या माणसांच्या हक्कासाठी उभं राहिल्याचा. दिराचा निरोप आला, गावाची बदनामी व्हतीया, पुरस्कार घेतला तर सोनीच्या लग्नात पाय ठेवू नका. सोनी त्याची पोरगी, आई आजारी असायची म्हणून माझ्याच मांडीवर वाढलेली. दोन दिस मनात व्हतं, नको म्हणून कळवावं. पण न घ्यावा तर शबानाला काय सांगू, मी चुकले म्हणून? घेतला. स्टेजवर त्या लोकांनी मला इचारलं, काठ्या घिऊन कोण आलं व्हतं? मी नाव घेतलं न्हाई.

लग्न परवा झालं. मंगलाष्टकं हितवर ऐकू आली, तशी हातातली भाकरी तव्यावर टाकून उभी राहिले, भाकरी करपली. दीर अजून बोलत न्हाई. ऱ्हाऊ दे. पोरगी सुखात नांदू दे, बास.